हरवलेले रफार



ह्या मांडवात गेल्या काही संध्याकाळी आपण संतवाङ्मयाविषयी ऐकले, शेतीच्या पाण्याविषयी ऐकले, आणि काल तर कायद्यासारखा रुक्ष विषयही वक्त्यांनी चांगला रंगविला. आजचा विषय पत्रिकेवर छापताना मात्र व्यवस्थापकांची पंचाईत झाली. "संगणकभाषेतील अक्षरमालांचे एका संकेतातून दुसऱ्या संकेतात रूपांतर" हे नाव वाचून कोण येणार, अशी शंका त्यांनी सौम्य शब्दांत आमच्या कानावर घातली. आम्ही म्हणालो, विषय सोपा आहे, नावच तेवढे अवघड आहे. आपण आलात त्या अर्थी एक तर आमचे म्हणणे आपणांस पटले असावे, नाही तर बाहेर उकाडा आहे आणि येथे पंखे आहेत, हे कारण असावे. कारण कोणतेही असो, आलात हे खरे.

हा विषय आम्हांला पुस्तकातून सुचलेला नाही. तो एका चुकीतून सुचला, आणि ती चूक आमची स्वतःची आहे. आमच्या वाचनालयात देणगीदारांची एक यादी होती. कोणी, कोणत्या साली, किती पुस्तके दिली, एवढाच तिच्यातला मजकूर. जुन्या ग्रंथपालांनी निवृत्त झाल्यावर दोन वर्षे रोज दुपारी येऊन, वाळवीने खाल्लेल्या वह्यांतून ती एकेक ओळ संगणकावर चढविली. चढवून झाल्यावर वह्यांचा भुगा झाला होता, तो टाकून दिला. पुढे ती यादी नव्या पद्धतीत आणण्याचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले, आणि एका दुपारी, चहा निवण्याच्या आत, त्या यादीतील यच्चयावत रफार नाहीसे केले. हे कसे घडले ते सांगण्यासाठी थोडी वाकडी वाट घ्यावी लागेल.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी महाराष्ट्रात दोन लिप्या चालत. पोथी बाळबोधीत, आणि दप्तर मोडीत. मोडीत हात न उचलता भराभर लिहिता येते, पण त्या घाईची एक किंमत होती. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सामान्यतः पाळीत नसत. बाळबोधीतला "दिन" म्हणजे दिवस आणि "दीन" म्हणजे गरीब, हे दोघे मोडीत गेले की एकाच अंगरख्यात उभे राहतात. आता तोच कागद कोणी परत बाळबोधीत उतरवू लागला, तर कोणता "दिन" आणि कोणता "दीन" हे त्या कागदावर लिहिलेले नसते. ते वाचणाऱ्याच्या डोक्यात असावे लागते. बाळबोधीतून मोडीत जाणे सोपे, परत येणे बिकट. जाताना जे सांडले ते येताना वाटेवर सापडत नाही. आजचे सगळे व्याख्यान ह्या एका उदाहरणाभोवती फिरणार आहे, म्हणून ते ध्यानात असू द्यावे.

यंत्राला अक्षर ठाऊक नाही. त्याला आकडा ठाऊक आहे, आणि तोही लहान: शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. अशा एका आकड्याच्या घराला बाइट म्हणतात. फाइल म्हणजे अशा आकड्यांची लांबच लांब रांग. ६५ हा आकडा दिसला की इंग्रजी पहिले मोठे अक्षर समजावे, हे यंत्राने ठरविलेले नाही. ते १९६३ साली अमेरिकेत निघालेल्या आस्की नावाच्या कोष्टकाने ठरविले. त्या कोष्टकात घरे १२८. इंग्रजी मुळाक्षरे, अंक आणि विरामचिन्हे मावली, त्यांचे काम झाले. फ्रेंच आणि जर्मन मंडळींना आपल्या डोक्यावर टोप्या घातलेल्या अक्षरांसाठी जागा हवी होती. त्यांनी १२८ ते २५५ ही वरची घरे घेतली आणि लॅटिन-१ नावाचे कोष्टक तयार झाले. विंडोजने त्यात थोडी भर घालून आपले निराळे कोष्टक केले, त्याचा क्रमांक १२५२. ह्या कोष्टकालाच एन्कोडिंग म्हणतात. एवढी एकच व्याख्या आज आम्ही आपणांस देणार आहोत.

आपल्याकडे १९९१ साली भारतीय मानक संस्थेने इस्की नावाचे कोष्टक प्रमाण म्हणून जाहीर केले. त्यात "क" चा आकडा १७९. ह्या कोष्टकाची कल्पना मोठी सुरेख होती: देवनागरी "क", गुजराती "क", कन्नड "क" ह्या सर्वांना एकच आकडा, लिपी तेवढी बदलायची. त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिने जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देण्याचा चंग बांधला, आणि भारतीय लिप्यांची मांडणी करताना १९८८ सालच्या इस्कीचाच आराखडा पुढे ठेवला. युनिकोडात "क" चा क्रमांक २३२५ आहे. आता प्रश्न असा, की बाइटात २५५ च्या पुढे काही मावत नाही, मग २३२५ कसा बसवायचा? ह्याची अनेक उत्तरे निघाली. त्यांतले आज सर्वत्र रूढ झालेले उत्तर म्हणजे यूटीएफ-८. ते १९९२ च्या सप्टेंबरात केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक ह्या दोघांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर आखले. मोठमोठ्या समित्या जे वर्षानुवर्षे करीत होत्या ते एका जेवणाच्या वेळी झाले, ह्याचा आम्हांला उगाचच आनंद वाटतो.

त्यांची युक्ती आपण हातानेच करून पाहू. यूटीएफ-८ मध्ये "क" साठी तीन बाइट लागतात: २२४, १६४ आणि १४९. पहिला २२४ सांगतो, की माझ्यामागून दोघे येत आहेत, आम्ही तिघे मिळून एक. दुसऱ्यातून आणि तिसऱ्यातून १२८ वजा करावेत. ते १२८ म्हणजे "मी मागून आलेला आहे" अशी केवळ ओळखीची खूण. उरले ३६ आणि २१. छत्तीसला चौसष्टने गुणा, २३०४ झाले. त्यात २१ मिळवा. २३२५. मुलांना पाढे येत असतील तर त्यांना ही गंमत घरी अवश्य दाखवावी.

आता संगणकभाषेकडे येऊ. भाषा पुष्कळ आहेत. आम्ही वापरतो ती पायथन. तिच्यात मजकुरासाठी दोन वेगळी भांडी आहेत. एका भांड्यात अक्षरे ठेवायची, त्याला स्ट्रिंग म्हणतात. दुसऱ्यात कच्चे आकडे, त्याला बाइट्स म्हणतात. अक्षरांतून आकड्यांत जाणे म्हणजे एन्कोड, आकड्यांतून अक्षरांत येणे म्हणजे डीकोड, आणि दोन्ही वेळा कोणते कोष्टक हे सांगता येते. जुन्या इस्कीतून यूटीएफ-८ मध्ये मजकूर न्यायचा तर सरळ उडी मारायची नसते. आधी इस्कीच्या कोष्टकाने आकड्यांची अक्षरे करायची, मग यूटीएफ-८ च्या कोष्टकाने अक्षरांचे आकडे. मधल्या पायरीवर क्षणभर तरी मजकूर निव्वळ अक्षरे म्हणून उभा राहिला पाहिजे. पायथनच्या पेटीत तयार कोष्टके डझनांवारी मिळतात. इस्कीचे मात्र नाही, ते स्वतः लिहावे लागते.

हा शहाणपणा भाषेला जन्मतः नव्हता. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत ही दोन भांडी एकमेकांत खुशाल ओतता येत. ओतताना भाषा मनाशी धरून चाले, की आकडे आस्कीतलेच असणार. इंग्रजी मजकुरापुरते सगळे गोड चाले. देवनागरी आली की पहिलाच बाइट २२४, आणि आस्कीची मर्यादा १२८ च्या आत. मग प्रोग्राम कोसळे. कोसळे तोही चूक जेथे झाली तेथे नव्हे, तर दहा खोल्या ओलांडून, भलत्याच ठिकाणी. इंग्रजीत काम करणाऱ्या कार्यक्रमकाराला हा दोष वर्षानुवर्षे दिसतच नसे. तो आपल्याला, जपान्यांना, रशियनांना दिसे. २००८ च्या डिसेंबरात तिसरी आवृत्ती आली तेव्हा दोन भांड्यांमध्ये भिंत घातली गेली. जुने प्रोग्राम चालेनासे झाले, पुष्कळांनी कुरकुर केली, आणि १ जानेवारी २०२० रोजी जुन्या आवृत्तीची देखभाल अधिकृतपणे थांबेपर्यंत ती कुरकुर चालली. आमचे मत विचाराल तर ती भिंत घातली हे फार चांगले झाले.

तरीही एक अलिखित गृहीत उरलेच. फाइल उघडताना आपण कोष्टकाचे नाव सांगितले नाही, तर पायथन यंत्राच्या सवयीप्रमाणे एखादे घेतो. विंडोजच्या पुष्कळ यंत्रांवर ते १२५२ निघते. ही सवय मोडून सर्वत्र यूटीएफ-८ गृहीत धरावे, असा निर्णय पायथनच्या मंडळींनी २०२२ साली घेतला. पण जुन्या आवृत्त्या गावोगावी बसविलेल्या आहेत, त्या काही एका निर्णयाने बदलत नाहीत. आता १२५२ च्या कोष्टकाने मराठी फाइल वाचली म्हणजे काय होते ते पाहा. आमच्या "क" चे तीन बाइट, २२४, १६४, १४९. त्यांतून निघते: डोक्यावर तिरपी रेघ असलेले इंग्रजी "ए", मग चलनाचे एक गोल काटेरी चिन्ह, मग एक ठसठशीत टिंब. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह २२४ ने सुरू होते, म्हणून तो रेघवाला "ए" दर दोन चिन्हांआड डोकावतो. आणि वेलांट्या-मात्रांपैकी पुष्कळांत दुसरा बाइट १६५ असल्यामुळे जपानी येनचे चिन्ह पडते. असली पत्रे आपणांपैकी पुष्कळांना आली असतील. आपण म्हणाला असाल, फाइल बिघडली. ती बिघडलेली नसते. तिच्यातला एकही आकडा हललेला नसतो. वाचणाऱ्याने चुकीचा चष्मा घातला आहे, एवढेच. ज्या कोष्टकाने चुकीचे वाचले त्याच कोष्टकाने उलटे आकडे करावेत, आणि मग यूटीएफ-८ ने वाचावे. मजकूर जसाच्या तसा उभा राहतो.

आणखी एक मौज सांगतो. १२५२ च्या कोष्टकात पाच घरे रिकामी आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. आता हा योगायोग पाहा, की आपल्या पायमोडीचा, म्हणजे हलन्ताचा, तिसरा बाइट नेमका १४१. ऱ्हस्व उकाराचा आणि चंद्रबिंदूचा १२९. "ए" चा १४३, "झ" चा १५७. त्यामुळे "मराठी" हा शब्द चुकीच्या कोष्टकातून बिनतक्रार पार होतो, कचरा होऊन का होईना. आणि "महाराष्ट्र" जोडाक्षरापाशी अडतो. पायथन सांगतो, ह्या आकड्याला माझ्या कोष्टकात अक्षर नाही, मी पुढे जात नाही. नवशिके ह्या सूचनेने वैतागतात. वास्तविक ती आपल्या बाजूची आहे. लॅटिन-१ चे कोष्टक पाहा, त्यात दोनशे छप्पन्नच्या दोनशे छप्पन्न घरे भरलेली. ते कधीही तक्रार करीत नाही, वाटेल त्याला होय म्हणते. अशा कोष्टकाने काही वाचले गेले, ह्यावरून ते बरोबर वाचले गेले असे मुळीच ठरत नाही.

ह्या अडण्याचा कंटाळा येतो, म्हणून पायथनने काही पळवाटा ठेवल्या आहेत. नेमलेली रीत स्ट्रिक्ट, म्हणजे कडक: अडले की थांबायचे. दुसरी रिप्लेस: न समजलेल्या जागी प्रश्नचिन्ह घालून पुढे जायचे. तिसरी इग्नोअर: न समजलेले गाळून पुढे जायचे, कोणाला न सांगता. आणि चौथी, बॅकस्लॅशरिप्लेस: न समजलेल्या जागी तो आकडाच लिहून ठेवायचा, म्हणजे मागाहून कोणी शहाणा आला तर त्याला उलगडता यावे. आम्ही त्या दुपारी तिसरी रीत निवडली.

आता आमच्या यादीकडे. ग्रंथपालांनी ती ज्या फॉन्टात टंकिली होती तो युनिकोडाच्या आधीच्या जमान्यातला. असल्या फॉन्टांची रीत न्यारी. ते यंत्राला सांगत, की हा इंग्रजी मजकूर आहे; आणि इंग्रजी अक्षराच्या घरात देवनागरी आकृती बसवून ठेवीत. कागदावर देवनागरी उमटे, फाइलीत इंग्रजीचे आकडे असत. फॉन्ट काढून घेतला की देवनागरी नाहीशी. त्या काळी दुसरा इलाज नव्हता. वर्तमानपत्रे, पुस्तके, लग्नपत्रिका ह्याच रीतीने निघाल्या, आणि त्या लोकांनी मराठीची केलेली सोय आम्ही कमी लेखीत नाही. मात्र त्यात दोन अडचणी. एक, प्रत्येक फॉन्टवाल्याचे घरांचे वाटप निराळे. दुसरी, घरात बसविलेले असे ते अक्षर नव्हे, आकृती. अर्धा "स" निराळा, काना निराळा, रफार निराळा, छापखान्यातल्या खिळ्यांसारखा.

आमच्या फॉन्टात नेहमीची अक्षरे १२८ च्या खालच्या घरांत होती. रफार, "दऱ्या" तल्या "ऱ्य" ची ती कोयत्यासारखी खूण, आणि काही तयार जोडाक्षरे वरच्या घरांत. आम्ही फाइल उघडली ती यूटीएफ-८ समजून. खालचे आकडे यूटीएफ-८ लाही चालतात, ते आत आले. वरचे आकडे एकेकटे यूटीएफ-८ ला अर्थहीन, म्हणून प्रोग्राम अडला. आम्ही घाईत होतो. इग्नोअर लिहिले. प्रोग्राम सुरळीत चालला. पुढचे आमचे कोष्टक, जे आम्ही दोन रात्री बसून तयार केले होते, त्याने उरलेल्या आकृत्यांची नीटनेटकी देवनागरी केली. यादी पडद्यावर आली, पहिल्या ओळी डोळ्यांखालून घातल्या, बऱ्या दिसल्या. नवी फाइल जुन्या फाइलीच्याच नावाने ठेवली. म्हणजे जुनी गेली. हा दुसरा मूर्खपणा, आणि खरे सांगायचे तर पहिल्याहून मोठा.

यादी कोणी सलग वाचीत नाही. पाच-सहा महिने कोणाच्या काही लक्षात आले नाही. मग वार्षिक सभेच्या वेळी एका सभासदांनी आपल्या आजोबांचे नाव शोधायला सांगितले. शोधखिडकीत "कुलकर्णी" घातले. उत्तर आले: शून्य नोंदी. आमच्या गावातल्या वाचनालयाला एकाही कुलकर्ण्याने कधी पुस्तक दिले नाही, ही गोष्ट कोणी शपथेवर सांगितली तरी पटण्यासारखी नव्हती. यादी उघडून पाहतो तर "कुलकणी" ओळीने बसलेले. कर्वे होते ते "कवे", सुर्वे होते ते "सुवे", शिर्के "शिके". पुस्तकांच्या नावांतला "अर्थ" गेला, "अथ" उरले. गोऱ्हे "गोहे" झाले. सभासद भले गृहस्थ. ते एवढेच म्हणाले, की आजोबा स्वतः शुद्धलेखनाचे मोठे कडक होते.

चुकीचा चष्मा आणि गाळणी ह्यांतला फरक आपल्या आता ध्यानात आला असेल. चष्मा बदलता येतो. गाळणीतून गेलेले परत येत नाही, कारण कोठे काय गेले ह्याची खूणही उरत नाही. प्रश्नचिन्ह पडले असते तरी बरे झाले असते; निदान जागा कळली असती.

खरी रीत कोणती, तेही सांगायला हवे, नाही तर आपण म्हणाल ह्यांनी रडगाणेच गायिले. असली फाइल लॅटिन-१ ने वाचावी. हो, ज्या कोष्टकाला आम्ही आत्ता होयबा म्हणालो त्यानेच. कारण येथे अक्षर समजून घ्यायचेच नाही, फक्त दोनशे छप्पन्न आकडे एकही न गाळता आत आणायचे आहेत, आणि त्या हमालीला ते उत्तम. मग फॉन्टचे कोष्टक लावावे: ह्या घराला अमुक आकृती. लांब जोड्या आधी, सुट्या खुणा मागाहून, कारण काही फॉन्टांत दोन घरे मिळून एक अक्षर होते आणि त्यांतले एक घर आधीच बदलले तर जोडी फुटते.

एवढ्याने भागत नाही. आकृती डोळ्याच्या क्रमाने बसलेल्या असतात, आणि युनिकोड उच्चाराच्या क्रमाने मागतो. "कि" लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, पण उच्चारात "क" आधी. तेव्हा वेलांटी उचलून व्यंजनाच्या पलीकडे न्यायची. "स्थिती" मध्ये तिला अर्धा "स" आणि "थ" दोघांना ओलांडावे लागते. एकच ओलांडले तर वेलांटी भलत्याच्या गळ्यात पडते. रफाराची गोष्ट नेमकी उलटी. तो डोक्यावर शेवटी चढतो आणि उच्चारात आधी येतो. "धर्माधिकारी" मध्ये "मा" च्या कान्यावरून मागे उडी, "म" वरून मागे उडी, मग "ध" च्या पुढे "र" आणि पायमोडी म्हणून बसायचे. हे नियम लिहिताना आपण आयुष्यभर जे नकळत वाचीत आलो त्याचा हिशेब मांडावा लागतो. आम्हांला स्वतःला ह्या कामात व्याकरणाच्या तासाला मिळाली नव्हती इतकी मराठी कळली.

"ऱ्य" ची तर स्वतंत्र कथा आहे. मराठीत "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" म्हणजे डोंगरातल्या. "आचार्यांना" बोलाविले तर प्रवचन, "आचाऱ्यांना" बोलाविले तर जेवण. हा भेद हिंदीला लागत नाही, म्हणून हिंदीसाठी केलेली रूपांतराची कोष्टके आणून लावली की दोन्ही एक होतात आणि प्रोग्राम हू की चू करीत नाही. मोडीतल्या "दिन-दीना" ची ही नवी आवृत्ती. युनिकोडात मराठी खूण लिहिण्यासाठी "र" खाली टिंब असलेले एक अक्षर आहे, त्याला पायमोडी जोडायची. तेच अक्षर साधा "र" आणि वेगळे टिंब असेही लिहिता येते. तिसरी रीत म्हणजे "र", पायमोडी आणि एक अदृश्य सांधा. पडद्यावर तिन्ही सारखी. आकड्यांत तिन्ही निराळी. "तऱ्हा" हा शब्द एकाने एका रीतीने टंकिला आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडत नाही. पहिल्या दोन रीती एकच आहेत हे युनिकोडाला मान्य आहे, आणि पायथनमध्ये नॉर्मलाइझ नावाची सोय वापरली की त्या एक होतात. तिसरी होत नाही. तसेच "ॲ" चे. "ॲडव्होकेट" मधल्या ह्या अक्षराला युनिकोडात स्वतंत्र घर २००८ साली मिळाले. त्याआधी लोक "अ" वर चंद्र काढून भागवीत, आणि पुष्कळ अजून भागवितात. ही दोन रूपे युनिकोड एक मानीत नाही. त्यांना एक करण्याचा नियम आपणच लिहायचा.

लांबीविषयी दोन शब्द, कारण सरकारी-निमसरकारी अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा संबंध येतो. "दत्तात्रेय" हे नाव घ्या. आपण मोजाल तर अक्षरे चार: द, त्ता, त्रे, य. पायथनला विचाराल तर तो दहा म्हणेल, कारण पायमोड्या, काने, मात्रा तो सुट्या मोजतो. यूटीएफ-८ मध्ये बाइट तीस. आता एखाद्या कोठाराच्या रकान्यात नावाला वीसच बाइट ठेवले असतील, आणि कोणी आकडे तेथल्या तेथे तोडले, तर सहा चिन्हे पूर्ण जातात आणि सातव्याचे तिनांतले दोन बाइट अनाथ होऊन लटकतात. नाव उरते "दत्तात", आणि वर यंत्र अडते ते निराळेच. तोडायचेच असेल तर आधी अक्षरे करून तोडावे. मोडी लिपीलाही २०१४ साली युनिकोडात स्थान मिळाले. तिची अक्षरे पासष्ट हजारांच्या पलीकडच्या घरांत आहेत, त्यांना चार-चार बाइट लागतात, आणि जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेला विचारले तर ती एकेका मोडी अक्षराची लांबी दोन सांगते. दप्तरदारांना हे कळले असते तर ते काय म्हणाले असते, कोण जाणे.

यादीचे पुढे काय झाले ते सांगून आपली रजा घेतो. ग्रंथपालांकडे आम्ही गेलो आणि घडले ते सांगितले. त्यांनी आमच्याकडे बराच वेळ पाहिले आणि आत जाऊन वाचनालयाचे जुने छापील अहवाल आणून दिले. त्यांतून आम्ही एकेक नाव ताडून पाहिले. "कुलकणी" ना रफार देताना अहवालाची गरज नव्हती. पण अहवाल सगळ्या वर्षांचे नाहीत, आणि काही नावे अशी निघाली की रफाराशिवायही ती पुरी आहेत.

१९४७ सालची एक नोंद आहे. "शमा, पुस्तके दोन पेट्या." आडनाव नाही, पत्ता नाही. त्या वर्षीचा अहवाल मिळत नाही. हे शर्मा नावाचे कोणी गृहस्थ होते, की शमा नावाच्या कोणी बाई, हे आम्हांला सांगता येत नाही. ग्रंथपालांनाही आता आठवत नाही. पेट्यांतली पुस्तके आहेत, उर्दू आहेत आणि हिंदीही आहेत, म्हणजे त्यावरूनही काही ठरत नाही. नोंद आम्ही होती तशीच ठेवली आहे आणि तिच्यापुढे शाईने एक फुली केली आहे. आपणांपैकी कोणाच्या घरी त्या काळची काही आठवण असेल, कोणी दोन पेट्या पुस्तके वाचनालयात नेऊन दिल्याचे वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल, तर आम्ही व्याख्यान संपल्यावर त्या उजवीकडच्या, वर्गणीच्या टेबलापाशी थांबलो आहोत.